धर, सोडव, दे

माझी नणंद दमलेली असते. ती कशी आहे असं कोणी विचारलं तर मला हे एकच उत्तर सुचतं. ती दमलेली उठते, दमलेली कामावर जाते, आणि सोमवारी-गुरुवारी संध्याकाळी इतर माणसं पाय पसरून बसतात तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून पोरांना मारामारी शिकवायला निघते. मारामारी म्हटलेलं तिला खपत नाही. "स्वसंरक्षण म्हण," ती म्हणते. मी म्हणते, "ताई, आधी स्वतःच्या गुडघ्याचं संरक्षण करा." ती हसते, पट्टा आणखी घट्ट ओढते आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरते.

तिला सगळे ताईच म्हणतात. मी म्हणते, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा म्हणतो, कामावरच्या बायका म्हणतात, क्लासची पोरं म्हणतात. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा म्हणतात. लग्न तिने केलं नाही. का नाही केलं असं विचारलं की सांगते, "उगाच एखाद्याची हाडं मोडली असती." खरं कारण काय ते मला वीस वर्षं एका घरात राहूनही कळलेलं नाही, आणि आता विचारायचा कंटाळा येतो.

ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. लाँड्री इमारतीच्या तळघरात. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिली. खिडकी म्हणावी तर छताजवळ एक फट, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, समोर वाळवण्याची, मधे लांबलचक टेबलं आणि चाकांच्या गाड्यांवर चादरींचे ढीग. वाफ अशी की उभ्या उभ्या माझे कपडे अंगाला चिकटले. आणि आवाज! शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडल्याशिवाय बोलता येत नाही.

म्हणून तिथल्या बायका फार बोलतच नाहीत. चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, ताणून सरळ करायची, मग चालत जवळ यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. एवढ्यासाठी त्यांचे तीन शब्द ठरलेले आहेत. धर, ओढ, दे. एका ठेक्यात, दिवसभर, चादरीमागून चादर. तोंड बोलतं, हात चालतात, डोकं भलतीकडेच असतं. ताईचं सगळं तारुण्य या तीन शब्दांत गेलं असं म्हटलं तर खोटं होणार नाही. घरातही कधी भाजीची पिशवी माझ्या हातात ठेवताना तिच्या तोंडून "धर" निघतं तेव्हा मला ते तळघर आठवतं.

क्लासचं खूळ त्या लाँड्रीतच सुरू झालं. ताई तरुण असताना पहाटेच्या पाळीला येणाऱ्या एका बाईला रस्त्यात कोणीतरी अडवलं होतं. मग हॉस्पिटलने बायकांना शिकवायला एक निवृत्त हवालदार आणला. पहिल्या दिवशी खोली भरली होती. आठवडाभरात अर्ध्या बायका गळाल्या. कोणाला घरी पोरं, कोणाला सासू, कोणाची कंबर धरली. शेवटी ताई एकटी उरली. हवालदारकाका तिला एकटीला शिकवत राहिले, पुढे स्वतः घेत असलेल्या पोरांच्या क्लासला मदतीला नेऊ लागले, आणि हात थरथरायला लागले तेव्हा शाळेच्या हॉलची किल्ली आणि निळ्या गाद्या तिच्या ताब्यात देऊन मोकळे झाले. तेव्हापासून हे ओझं तिच्या गळ्यात आहे. ओझं हा शब्द माझा. तिने कधी तो वापरला नाही.

हॉल म्हणजे शाळेची व्यायामशाळा. छत उंच, फरशी गार, बास्केटबॉलच्या एका रिंगची जाळी कधीच गेलेली. कोपऱ्यात गाद्यांच्या गुंडाळ्या. त्या पसरायला आणि आवरायलाच माणसाचा जीव जातो. पण आवरायचं काम पोरं करायची. क्लास संपला की दोघं-तिघं मिळून एकेक गादी गुंडाळायची, हसत-खिदळत भिंतीला लावायची, ताईच्या पाया पडल्यासारखी वाकून घरी पळायची. ताई तोवर खुर्चीत बसून गुडघा चोळत असायची. दिवसातली तिची तेवढीच विश्रांती.

मी सुरुवातीला या क्लासवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. पण डोळे मिटून घेता येत नाहीत. तेरा-चौदाची पोरं यायची, खांदे पाडलेली, जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखी खाली बघणारी. ताई पहिला महिनाभर कोणाला हात उचलूच द्यायची नाही. नुसतं उभं राहायला शिकवायची. पाय कुठे ठेवायचे, मान कुठे, श्वास कुठे. हॉलच्या त्या टोकाला उभं करून नाव विचारायची आणि ऐकू आलं नाही की म्हणायची, "कोण? अजून कोणी आलेलं दिसत नाही." मग 'नाही' म्हणायला शिकवायची. हसून नाही, रडून नाही, चिडून नाही. सरळ तोंडाकडे बघून नाही. एक जाडगेला मुलगा होता, सगळे ढब्बू म्हणायचे. शाळेत त्याचा डबा रोज पळवला जायचा. सहा महिन्यांनी त्याचे वडील तक्रार घेऊन आले. "आता हा घरी मलाच नाही म्हणतो." ताई म्हणाली, "म्हणजे शिकला." वडील तसेच परत गेले. ढब्बूचा डबा मात्र त्याचा त्यालाच मिळू लागला, आणि त्यासाठी त्याने कोणाला बोटही लावलं नव्हतं.

मुंगीला त्या क्लासला मी घातलं. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

मुंगी म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंची मुलगी. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे बाई माझ्याकडे नेहमीच्या. पोरगी बरोबर यायची आणि मी माप घेत असताना श्वाससुद्धा परवानगी मागून घेत असल्यासारखी उभी राहायची. आवाज इतका बारीक की मीच तिला मुंगी म्हणायला लागले आणि ते नाव चिकटलं. बाई म्हणाल्या, "हिचं पुढे कसं होणार हो? कोणी पायावर पाय दिला तरी ही सॉरी म्हणते." मी म्हटलं, ताईंकडे पाठवा.

वर्ष-दीड वर्षात पोरगी बदलली. नाव विचारलं की भिंतीवर आपटून परत येईल असं सांगायची. शाळेत वर्गप्रमुख झाली. माझ्याकडे फ्रॉक द्यायला एकटी आली आणि म्हणाली, "काकू, मागच्या वेळी बाही तोकडी झाली होती. या वेळी नीट बघाल ना?" मला राग यायला हवा होता; मी रात्री ताईला कौतुकाने सांगितलं. ताई म्हणाली, "हात सोडवण्यात तर तिच्यासारखी कोणी नाही."

हात सोडवणं हा क्लासचा नेहमीचा सराव. एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरायचं. दुसऱ्याने, समोरच्याचा अंगठा जिथे असतो त्या फटीकडे मनगट वळवून, सगळ्या अंगाचा जोर लावून हिसका द्यायचा. सुटला की हात पुन्हा पुढे करायचा, म्हणजे जोडीदाराला पुन्हा धरता येतो. वेळ वाया जात नाही. सगळा हॉल एका ठेक्यात चालायचा आणि ताई मधे उभी राहून ओरडायची: धर, सोडव, दे. धर, सोडव, दे. मी घरून कधी तिची औषधाची गोळी घेऊन गेले तर फाटकापासूनच ऐकू यायचं. छान वाटायचं ऐकायला. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग ती संध्याकाळ आली. मी मशीनवर होते, ताई नुकतीच कामावरून येऊन चहाचा कप घेऊन बसली होती. बेल सतत वाजत राहिली. दारात मुंगीची आई, दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच. मागे मुंगी, मनगटाला ओला रुमाल गुंडाळलेला.

"ताई," बाई आत येत म्हणाल्या, "तुम्ही माझ्या पोरीला काय शिकवलंत ते तिच्याच तोंडून ऐका."

पुन्हा तीच जुनी मुंगी, फरशीकडे बघणारी. मग बाईच बोलल्या. बसथांब्यावरून घराकडे यायला, क्लासवरूनही, रस्त्यावरचा पादचारी पूल आहे. त्याच्या जिन्यावर मोबाइलच्या दुकानातला एक पोरगा बरेच दिवस घुटमळायचा. त्या दिवशी त्याने मुंगीचा हात धरला. तिने हिसका देऊन सोडवला. अगदी शिकवल्यासारखा, एका झटक्यात.

"आणि मग?" ताई पुढे सरकली.

"मग तिने हात परत पुढे केला," बाई म्हणाल्या. "परत दिला त्याला हात! तो हसला हो. हसला आणि धरला. माझ्या पोरीला हात सोडवायला नाही, द्यायला शिकवलंत तुम्ही!"

वरून भाजीची टोपली घेऊन एक बाई उतरत होती, ती ओरडली म्हणून पोरगा पळाला. मनगटावर वळ आले होते, घड्याळ फुटलं होतं. पुढे तक्रार झाली, त्याला पोलिसांनी बोलावून घेतलं, दुकानातूनही काढलं. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मायलेकी गेल्या तेव्हा ताईच्या कपातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"असं कसं केलं तिने?" ताई मला विचारत राहिली. "सुटला होता ना हात? मग परत कशाला?" मी म्हटलं, घाबरली असेल. ताईने मान हलवली. घाबरलेलं माणूस हात मागे घेतं, पुढे करत नाही.

अंधार व्हायच्या आत मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले. ताईही मागून आली, तिला घरात बसवेना. मी चादरीची दोन टोकं तिच्याकडे दिली. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. ताईच्या तोंडून आपसूक निघालं, "धर. ओढ." आम्ही चालत जवळ आलो. "दे," ती म्हणाली, आणि मी माझी टोकं तिच्या हातात दिली.

ती टोकं हातात घेऊन ताई तशीच उभी राहिली. माझ्या रिकाम्या हातांकडे बघत. मग चादर तिच्या हातून सुटली आणि ती गच्चीच्या फरशीवर खाली बसली, दुखऱ्या गुडघ्याचा विचारही न करता.

"तू विचार केलास का आत्ता?" तिने विचारलं.

"कसला?"

"टोकं देताना. द्यायची की नाही, असा विचार केलास?"

"त्यात काय विचार करायचा?"

"तेच," ताई म्हणाली. "तिनेही नाही केला. मी करूच दिला नाही. चादरींसारखं शिकवलं गं मी पोरांना. चादरींसारखं." आणि ती रडली. मी तिला तिची आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण ती तसलं काही करून घेणारी बाई नाही, म्हणून मी चादर उचलून एकटीनेच तिची घडी घातली. वाकडीतिकडी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने क्लास बंद करायचं ठरवलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना फोनवर सांगितलं, या महिनाअखेर किल्ली देते. खरं सांगते, मला हायसं वाटलं. किती वर्षं मी हेच म्हणत होते! आता ही संध्याकाळी घरी बसेल, गुडघ्याला शेक घेईल, चार घास वेळेवर खाईल. तिचा भाऊही म्हणाला, "बरं झालं, सुटली एकदाची." ताई घरी बसली खरी. पण ती बसली होती ते बघवत नव्हतं. टीव्ही चालू असायचा आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत असायची. विश्रांतीने माणूस ताजंतवानं होतं म्हणतात. माझी नणंद दिवसागणिक जास्तच थकलेली दिसू लागली.

मग मुंगी आली. एकटी. मनगटावरचे वळ पिवळे पडले होते. मी दार उघडलं तर म्हणाली, "काकू, ताई आहेत ना? मला त्यांच्याशी बोलायचंय." आवाज बारीक होता, पण बोलताना माझ्याकडे बघत होती.

ताई बाहेर आली आणि तिच्यासमोर हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "बाळा, चूक माझी आहे. तुझी नाही. माझ्या हातून आता हे नको."

"चूक तुमची असेल," मुंगी म्हणाली, "पण हात माझा आहे ना? तो अजूनही तसाच पुढे येतोय. काल भावाने मस्करीत धरला, मी सोडवला आणि परत दिला." तिचे डोळे भरले होते, तरी ती थांबली नाही. "आई मला त्या पुलावरून जाऊ देत नाही. लांबच्या रस्त्याने बाबा आणायला येतात. मी काय आयुष्यभर बाबांबरोबर फिरू? तुम्ही बंद केलंत तर हे मी कुठे विसरायचं?"

ताई म्हणाली, "मला नाही जमणार गं. थकले मी."

मुंगीने सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. हसून नाही, रडून नाही. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंय, तुम्हीच मोडायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. ढब्बूच्या वडिलांचं तोंड त्या दिवशी कसं झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

त्या आठवड्यात ताईने सराव बदलला. 'दे' काढून टाकलं. धर, सोडव, पळ. हात सुटला की पोराने पाठ फिरवून हॉलच्या बाहेर, व्हरांड्यातून फाटकापर्यंत पळायचं, ओरडत पळायचं, आणि मगच परत यायचं. सगळा ठेका मोडला. नुसता गोंधळ. पोरं एकमेकांवर आपटत होती, शाळेचा वॉचमन कपाळाला आठ्या घालून बघत होता. सगळ्यात वाईट म्हणजे हात काही ऐकायला तयार नव्हते. पोरं सुटायची, वळायची आणि वळता वळता हात पुढे करायची. ढब्बूसुद्धा. ताई घसा फुटेपर्यंत ओरडायची, "नका देऊ! सुटलेला हात कोणाला द्यायचा नाही!"

शेवटी तिच्या लक्षात आलं की घोळ परत येण्यातच आहे. फाटकापासून परत यायचंच असलं तर मनात कुठेतरी हात परत द्यायचाच असतो. म्हणून तिने नवा नियम काढला. शेवटची फेरी झाली की परत यायचं नाही. हात सुटला की चप्पल-दप्तर उचलायचं आणि थेट घरी पळायचं. ताईचा निरोप घ्यायला थांबायचं नाही, वाकायचं नाही, गाद्यांना हात लावायचा नाही. घरी पोचलं की फोनवर कळवायचं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. शेवटच्या फेरीला ताई स्वतः एकेकाचा हात धरत होती. एकेक पोर सुटत होतं आणि दाराबाहेर जात होतं. ढब्बू पळताना एकदा मागे वळला, सवयीने. ताई त्याच्यावर खेकसली तेव्हा गेला. सगळ्यात शेवटी मुंगी उरली. ताईने तिचं मनगट धरलं, वळ होते त्याच जागी, आणि खोटं खोटं नाही, लाँड्रीत चादरी ओढून ओढून घट्ट झालेल्या हाताने धरलं. मुंगीचं तोंड पांढरं पडलं. क्षणभर ती उभीच राहिली. मग असा हिसका दिला की ताई हेलपाटली. हात सुटला आणि मी त्या हाताकडे बघत राहिले. तो थोडा वर आला. बोटं उघडली. मग तिने मूठ आवळून तो हात छातीशी घेतला, "सोड!" असं ओरडली आणि पळाली. आवाज व्हरांड्यातून जाताना ऐकू आला, फाटकाशी ऐकू आला, मग नाही.

हॉल रिकामा झाला. गाद्या तशाच पसरलेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवरायला कोणी नव्हतं.

ताई खुर्चीत बसली नाही. पहिल्या गादीपाशी गुडघा टेकून तिने एक टोक उचललं आणि दुखणं गिळत गुंडाळायला लागली. मी माझी पर्स खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या बाजूला बसले. तिने माझ्याकडे बघितलं. मधूनमधून तिचा फोन वाजत होता. पोचलो. पोचले. ढब्बूने 'पोचलो, भूक लागली' असं कळवलं. मुंगीचं काहीच येत नव्हतं. तिचं घर तर सगळ्यात जवळ. ताई गादी गुंडाळायची, थांबायची, फोनकडे बघायची.

शेवटच्या गादीला फोन आला. मुंगीच्या आईचा. ताईने तो कानाला लावला. त्या दिवसानंतर बाई पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होत्या. हॉल इतका शांत होता की मलाही ऐकू आलं.

"आली घरी. लांबच्या रस्त्यावर हिचे बाबा थांबले होते, म्हणून उशीर झाला कळवायला, त्यांना मी बोलवून घेत होते. ही पुलावरून आली. एकटी." मग बाई म्हणाल्या, "गुरुवारी पाठवते."

ताईने फोन ठेवला आणि गुंडाळलेल्या गादीवर डोकं टेकून डोळे मिटले. मला वाटलं ती झोपली. मी वाट बघत बसले. मग तिने डोळे न उघडताच गादीचं एक टोक माझ्याकडे सरकवलं.

"धर," ती म्हणाली. "उद्या पहिली पाळी आहे माझी."

आता सोमवारी-गुरुवारी मी मशीन लवकर बंद करते. क्लासला जाते आणि गाद्या आवरते, कारण ताईची पोरं आता मागे थांबत नाहीत.